फिश टँकसाठी आरसीडी असलेला सहा सॉकेटचा बोर्ड: १४ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या एक्स्टेंशन बोर्डाचा भिंतीतला प्लग एका सकाळी बाहेर काढला, तेव्हा तो हातात धरवत नव्हता. तीन पिनांपैकी एक मुळाशी काळी पडली होती, तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित ओघळले होते आणि पितळेवर हिरवट पूड जमली होती. आदले दोन दिवस त्या कोपऱ्यात माशांसारखा वास येत होता आणि मी तो टाकीचाच समजून फिल्टर धुवायचे ठरवत होते. स्विच-सॉकेटसाठी वापरल्या जाणाऱ्या काही प्लास्टिकना तापल्यावर माशांसारखाच वास येतो, हे मला त्या दिवशी कळले. ज्यांच्या घरी फिश टँक आहे त्यांनी ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी, कारण आपल्याला असा वास खटकत नाही.

त्या एका प्लगवर दोन टाक्यांची मिळून नऊ उपकरणे चालत होती. सॉकेट कमी पडले म्हणून एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचलेला होता, जे कधीच करू नये. तरीही बेरीज काही फार मोठी नव्हती. ३०० लिटरच्या टाकीत प्रत्येकी १५० वॅटचे दोन हीटर, ३० वॅटचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर बसणारा बंद डब्याचा), ६० वॅटचा एलईडी लाइट, ११ वॅटचा यूव्ही दिवा आणि ४ वॅटचा एअर पंप. ९० लिटरच्या टाकीत १०० वॅटचा हीटर, १८ वॅटचा लाइट आणि ४ वॅटचा एअर पंप. एकूण ५२७ वॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २.३ अँपिअर, आणि बोर्डावर तर ६ अँपिअर छापलेले होते. वायरमनने प्लग उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, लोडचा प्रश्नच नाही यात. कॉन्टॅक्ट गेलाय."

त्याचे म्हणणे आकड्यात मांडले की धोका नीट समजतो. टाकीच्या झाकणापासून वीतभर अंतरावर असलेल्या त्या पिनेवर वाफेचा ओलावा रोज बसत होता, पितळ गंजत होते आणि सॉकेटच्या आतली पकड ढिली होत होती. अशा जोडाचा रोध समजा १ ओहमपर्यंत वाढला, तर २.३ अँपिअरला तिथे ५ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळते, हे डोळ्यांसमोर ठेवले तर त्याच्या पाचव्या हिश्शाची उष्णता, तीही पिनेएवढ्या बंद जागेत आणि रात्रंदिवस, काय करू शकते ते सांगावे लागत नाही. त्या जोडावर पडणारा व्होल्टेजचा फरक मात्र जेमतेम २.३ व्होल्टचा असतो. त्यामुळे दिवा मंद होत नाही, पंप आवाज बदलत नाही, काहीच जाणवत नाही.

त्यानंतर मी जो बोर्ड आणला त्याचे हे परीक्षण आहे. सहा सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र स्विच, आत ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण), १० अँपिअरचा ओव्हरलोड कटआउट, आणि एका टोकाला व्होल्ट, अँपिअर, वॅट व पॉवर फॅक्टर दाखवणारा छोटा पडदा. दोन मीटरची वायर १.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि तसे तिच्यावर छापलेले आहे. साध्या बोर्डापेक्षा तो बराच महाग आहे. १४ महिने वापरल्यावर माझे मत असे की वस्तू उत्तम बनवलेली आहे, मात्र ज्या उपकरणासाठी बहुतेक लोक ती घेतील, म्हणजे फिल्टरसाठी, ती मुळीच लावू नये. मला हे तीन टेट्रा मासे गमावून कळले. ते पुढे सांगते.

आधी वायरविषयी, कारण बोर्ड घेताना तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लवचिक वायरचा साधारण हिशेब असा की ०.७५ चौरस मिलिमीटरला ६ अँपिअर, १ चौरस मिलिमीटरला १० आणि १.५ चौरस मिलिमीटरला १६ अँपिअर. म्हणजे या बोर्डाची वायर त्याच्या कटआउटपेक्षा एक पायरी वरची आहे, आणि तसेच असायला हवे. कटआउट १० अँपिअरचा आहे म्हणून तो १० अँपिअरला लगेच पडत नाही, म्हणजे पुरवठा तोडत नाही. घरगुती एमसीबीचाही (लोड जास्त झाल्यावर आपोआप पडणाऱ्या स्विचचा) आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की नेमलेल्या प्रवाहाच्या १.१३ पटीला त्याने तासभर पडू नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडावे. १० अँपिअरचा एमसीबी १४ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह बराच वेळ वाहू देऊ शकतो, आणि तेवढा वेळ ती उष्णता वायरनेच सोसायची असते. वायर गुंडाळी करून कपाटामागे कोंबली असेल तर तिची क्षमता आणखी घटते, कारण आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. मी ती पूर्ण उलगडून कपाटाच्या कडेने सोडली आहे. ज्या बोर्डाच्या वायरवर जाडी छापलेली नाही, त्याच्या पुठ्ठ्यावर कितीही अँपिअर लिहिलेले असोत, तो मी यापुढे घेणार नाही.

आरसीडीचे काम वेगळे आहे आणि एमसीबीशी त्याची गल्लत फार होते. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच तो पाहतो. फरक पडला म्हणजे प्रवाह आणखी कुठून तरी जमिनीकडे चालला आहे, बहुधा पाण्यातून किंवा माणसातून, असे समजून तो दोन्ही तारा तोडतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीने १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेतरी पडावे, ३० ला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांत आणि १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांत पडावे, अशी अपेक्षा असते. वायरमनने आपला टेस्टर लावून पाहिले, तेव्हा माझा बोर्ड २२ मिलिअँपिअरला पडला आणि ३० ला त्याने ३१ मिलिसेकंद घेतले. एक वर्षाने पुन्हा मोजले, तेव्हाही आकडे जवळपास तेच होते. या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे.

आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. बोर्डाच्या मागच्या बाजूला, आरसीडीच्या आकड्याशेजारी, एका चौकटीत लाट काढलेली असते. नुसती एक लाट असेल तर तो एसी प्रकारचा. लाटेखाली तुटक अर्धवर्तुळांची आणखी एक ओळ असेल तर तो ए प्रकारचा. एलईडीचे ड्रायव्हर आणि डीसी पंपांचे अॅडाप्टर यांच्यात बिघाड झाला तर गळणारा प्रवाह शुद्ध एसी नसतो, तो एकाच दिशेने धक्के देत वाहू शकतो, आणि एसी प्रकारच्या आरसीडीला तो ओळखता येईलच असे नाही. आजच्या टाकीवर निम्मी उपकरणे अॅडाप्टरवरच चालतात, म्हणून ए प्रकारच हवा. या बोर्डावर तो आहे, आणि तो निवडताना माझ्या दृष्टीने निर्णायक ठरलेली हीच गोष्ट होती.

पडदा मला आधी शोभेची वस्तू वाटला होता. आता तो नसता तर चुकल्यासारखे होईल. सुरुवातीला मोठ्या टाकीची सहाही उपकरणे या बोर्डावर होती. लेबलांची बेरीज ४०५ वॅट येत होती आणि पडदा ३८० दाखवत होता. व्होल्टेज त्या वेळी २२२ होते, आणि हीटरसारख्या नुसत्या रोधाच्या उपकरणाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, त्यामुळे ३०० वॅटचे हीटर प्रत्यक्षात २८० वॅटच देत होते. व्होल्टेज २१० पर्यंत उतरले तर १५० वॅटचा हीटर १२५ वॅटचा होतो. थंडीच्या रात्री पाणी तापायला वेळ का लागतो, याचे एक उत्तर इथे मिळाले. छोट्या टाकीचा १८ वॅटचा लाइट लावून पाहिला, तर वॅट १७ दिसले पण प्रवाह ०.१४ अँपिअर, म्हणजे वॅटवरून काढलेल्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट. त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराचा जेवढा हिस्सा प्रत्यक्षात वॅट होतो तो, ०.५३ होता. वायर तापते ती अँपिअरने, वॅटने नव्हे, म्हणून स्वस्त लाइट बरेच असतील तर नुसती वॅटची बेरीज करून भागत नाही. सतत चालणाऱ्या लोडसाठी क्षमतेच्या ८० टक्क्यांवर जाऊ नये, असा जो ठोकताळा आहे, तो मी पडद्यावरच्या अँपिअरला लावते. पाणी थंड करणारा चिलर असेल तर आणखी सावध राहावे लागते, कारण त्याची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते.

आता ती घटना. बोर्ड बसवून दोन महिने झाले होते. संध्याकाळी घरी आले तर घरात सगळे व्यवस्थित सुरू होते, फ्रीज चालू, पंखा चालू, आणि टाकी मात्र काळोखात. फिल्टरची जी बारीक घरघर कानाला इतकी सवयीची झालेली असते की ती ऐकू येत नाही, ती नसल्याचे मला दाराशीच जाणवले. टॉर्च मारला तर टेट्रांचा अख्खा थवा पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उभा होता. बोर्डावरच्या आरसीडीची खिडकी काळी होती. मी ताबडतोब ती वस्तू, ही वस्तू असे करत एकेक प्लग काढला, गळती कुठे आहे ते शोधले, आणि कुठेच सापडली नाही. रीसेट दाबला आणि सगळे सुरू झाले. शेजारी विचारल्यावर कळले की सकाळी अकराच्या सुमारास दहा मिनिटे वीज गेली होती.

वीज दहा मिनिटे गेली आणि माझी टाकी आठ तास बंद राहिली. लाइटही बंद असल्यामुळे टाकीतल्या वनस्पती प्राणवायू सोडायचे थांबवून तो उलट वापरत होत्या, एअर पंपही त्याच बोर्डावर होता, त्यामुळे पाणी हलायला काहीच उरले नव्हते. रात्रीतून तीन टेट्रा गेले. फिल्टर उघडला तेव्हा आतल्या पाण्याला सडका वास येत होता. बंद डब्यात प्रवाह थांबला की तिथले जिवाणू उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवतात. घाईघाईने रीसेट दाबून ते पाणी मीच टाकीत सोडले होते. असा फिल्टर पुन्हा सुरू करण्याआधी त्यातले पाणी ओतून टाकावे आणि आतले मीडिया (पाणी गाळणारे स्पंज, खडे वगैरे) टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावे, हे मला माहीत होते, पण त्या क्षणी सुचले नाही.

माहितीपुस्तिका काढून वाचली. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: पुरवठा खंडित झाल्यास उपकरण बंद होईल व हाताने पुन्हा सुरू करावे लागेल. प्लगमध्ये किंवा बोर्डात बसवलेले आरसीडी दोन जातींचे असतात. एका जातीचा आरसीडी वीज गेली तरी आपल्या जागी टिकून राहतो आणि वीज आली की पुरवठा आपोआप सुरू होतो. दुसऱ्या जातीचा आरसीडी वीज जाताच पडतो आणि माणसाने येऊन उचलेपर्यंत पडलेलाच राहतो. हा दुसरा प्रकार सदोष असतो असे अजिबात नाही. करवत किंवा ग्राइंडर हातात असताना वीज गेली आणि परत आल्यावर ते यंत्र अचानक फिरू लागले तर बोटे जातील, म्हणून तो मुद्दाम तसा केलेला असतो. न्यूट्रल तुटल्यावरही तो पुरवठा तोडतो, हा त्याचा आणखी एक चांगला गुण. मात्र माशांच्या बाबतीत तोच गुण घातक ठरतो. खोक्यावर माशांच्या टाकीचे चित्र छापायचे आणि ही गोष्ट शेवटून दुसऱ्या पानावर लहान अक्षरात सांगायची, हे मला मनापासून चूक वाटते. माझा या उत्पादनावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

बोर्ड मी परत केला नाही. त्याऐवजी लोडची वाटणी नव्याने केली, आणि ती करताना प्रश्न बदलला. आजवर मी कोणत्या प्लगवर किती वॅट एवढेच पाहत होते. आता प्रत्येक उपकरणापुढे मी दोन वेळा लिहिल्या: ते बंद पडले तर मासे किती तास काढतील, आणि ते अडकून सुरूच राहिले तर किती तास काढतील.

हीटरचा हिशेब करण्यासारखा आहे. ३०० लिटर पाणी १ अंशाने थंड व्हायला साडेबारा लाख जूल उष्णता बाहेर जावी लागते. थंड खोलीत टाकीतून १०० वॅटने उष्णता निघून जाते असे धरले, तर १ अंश उतरायला साडेतीन तास लागतात. म्हणजे हीटर दिवसभर बंद राहिला तरी मासे सहसा दगावत नाहीत. उलट थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटले आणि हीटर सुरूच राहिला, तर परिस्थिती वेगळी. ३०० वॅटचा एकच हीटर असता तर १०० वॅट गळती वजा जाता २०० वॅटने पाणी तापत गेले असते आणि सुरुवातीला दर पावणेदोन तासांनी १ अंश चढला असता. १५० वॅटच्या दोनपैकी एकच अडकला तर निव्वळ ५० वॅट उरतात, १ अंशाला सात तास लागतात, आणि पाणी जसे तापते तशी गळतीही वाढत असल्याने चढ मंदावत जातो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्यावेत असे जाणकार सांगतात, त्यामागचे कारण हे आहे. लोड तेवढाच, पण बिघाड निम्मा.

फिल्टर आणि एअर पंप यांचे नेमके उलटे. ते सुरू राहण्यात काही धोका नाही, बंद पडण्यात सगळा धोका. आणि त्यांचा लोड किती, तर दोन्ही टाक्यांचे मिळून जेमतेम ३८ वॅट. इतकी कमी वीज खाणारी उपकरणे सर्वांत मोलाची होती आणि मी त्यांना ३०० वॅटच्या हीटरबरोबर एकाच आरसीडीवर बसवले होते, जिथे हीटरची एक तडा गेलेली काच सगळ्यांना एकदम बंद पाडू शकत होती.

आता या बोर्डावर तीन हीटर आणि दोन लाइट आहेत: ४७८ वॅट, सुमारे २.१ अँपिअर. वीज जाऊन आली आणि हे सारे बंद राहिले तरी एका दिवसात काही बिघडत नाही. फिल्टर, दोन्ही एअर पंप आणि यूव्ही दिवा भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर आहेत. त्या सर्किटला घराच्या मुख्य वितरण पेटीतला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे पेटीत बसणारा आरसीडी, आहे आणि तो नुसती वीज गेल्याने पडत नाही. यूव्ही मी फिल्टरसोबत ठेवला, कारण पाण्याचा प्रवाह थांबला तर त्या दिव्यानेही थांबावे. त्याच सॉकेटवर बॅटरीचा एक एअर पंप जोडला आहे, जो पुरवठा तुटताच आपोआप सुरू होतो. तो फिल्टरच्याच सर्किटवर असला पाहिजे. दुसरीकडे लावला तर फिल्टर बंद पडल्याचे त्याला कळणारच नाही.

ही वाटणी झाल्यानंतर सात महिन्यांनी बोर्ड खऱ्या कारणासाठी पडला. छोट्या टाकीचे पाणी बदलून मी हीटरचा स्विच लावला आणि टक् असा आवाज झाला. रीसेट दाबला, पुन्हा टक्. हीटर बाहेर काढून उजेडात धरला तेव्हा काचेच्या नळीत आतल्या बाजूने धुके धरल्यासारखे बारीक थेंब दिसले आणि रबरी बुचाजवळ केसाएवढा तडा होता. पाणी काढण्याआधी मी हीटर बंद केला होता, पण थंड व्हायला १५-२० मिनिटे द्यावी लागतात ती दिली नव्हती. तापलेली नळी उघडी पडली आणि त्यावर थंड पाणी गेले. त्या वेळी मोठ्या टाकीचा फिल्टर शांतपणे चालूच होता. बोर्डाने आपले काम चोख केले, याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देते.

तरी आरसीडी आहे म्हणून चालू टाकीत हात घालावा असे कोणी समजू नये. लाकडी स्टँडवरच्या काचेच्या टाकीतले पाणी जमिनीपासून तुटलेले असते. हीटर फुटून पाण्यात फेज उतरली तरी तिला जायला वाट नसेल तर आरसीडीला काहीच दिसत नाही. वाट मिळते ती आपला हात पाण्यात गेल्यावर. आरसीडी तेव्हा पडतो, पण प्रवाह तेवढा क्षण आपल्यातून गेलेला असतो. काही जण यासाठी अर्थिंगला जोडलेली टायटेनियमची कांडी पाण्यात ठेवतात, म्हणजे गळती होताच तिला वाट मिळते आणि हात घालण्याआधीच आरसीडी पडतो. आरसीडी नसताना मात्र अशी कांडी लावू नये, कारण मग गळती गुपचूप वाहत राहील. आणि फेज व न्यूट्रल या दोन्हींना एकदम स्पर्श झाला आणि जमिनीकडे काही गेले नाही, तर कोणताही आरसीडी वाचवत नाही. बोर्डावरचे सुटे स्विच एकच तार तोडतात, म्हणून मी काम करण्याआधी स्विचवर न थांबता प्लगच काढते.

तक्रारी आणखी आहेत. सॉकेट इतके जवळजवळ आहेत की छोट्या टाकीच्या लाइटचा जाड अॅडाप्टर शेजारचे सॉकेट झाकतो. सहा सॉकेटचा बोर्ड माझ्यासाठी पाचाचाच आहे. मागची स्क्रूची छिद्रे फक्त फळीवर सपाट लावण्यासाठी आहेत, आणि तसा लावला की सॉकेटची तोंडे वर होतात, म्हणजे टाकीशेजारी लावायला सर्वांत वाईट अवस्था. मी पट्टी ठोकून तो कपाटाच्या बाजूच्या फळीवर, टाकीच्या खाली नव्हे तर एका अंगाला, तोंडे बाजूला राहतील असा बसवला. आरसीडी पडताना होणाऱ्या एका टक् खेरीज कसलाही इशारा मिळत नाही; एक साधा बझर दिला असता तर माझे तीन मासे वाचले नसते, पण घरात कोणी असते तेव्हा तरी उपयोग झाला असता. आणि खोक्यावर पाण्याजवळ वापरण्यास योग्य असे म्हटले असले तरी मागच्या लेबलावर आयपी २० आहे, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. यातला दुसरा आकडा पाण्याचा, आणि तो शून्य आहे. शिंतोडे सोसायला निदान आयपी ४४ लागते. म्हणून प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती सोडून मग वर वळवून प्लगमध्ये नेली आहे. वायरवरून ओघळणारा थेंब त्या वळणाच्या तळाशी येऊन खाली पडतो, सॉकेटपर्यंत चढू शकत नाही. हे वळण प्रत्येक वायरला हवे, एअर पंपाच्या वायरलासुद्धा. एअर पंपाच्या नळीतूनही पाणी उलटे येऊ शकते, म्हणून पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह घालावा.

ज्या कारणाने मी हा बोर्ड आणला, त्या कारणावर मात्र त्याच्यापाशी इलाज नाही. ढिला कॉन्टॅक्ट तापतो तेव्हा प्रवाह वाढत नाही, म्हणून कटआउट पडत नाही. गळतीही होत नाही, म्हणून आरसीडी पडत नाही. ते फक्त हाताला कळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आरसीडीचे टेस्ट बटण दाबते, आणि त्याच वेळी, हीटर चालू असताना, प्रत्येक प्लगला बोटांची मागची बाजू लावून पाहते. प्लग किंचित कोमट लागला तर तो काढून पिना पाहते, सॉकेटची पकड पाहते. पकड सैल असेल तर सॉकेट बदलते, पिन वाकवून घट्ट करत बसत नाही. समुद्री पाण्याची टाकी असणाऱ्यांनी हे आठवड्याला करावे, कारण शिंतोड्यांतले मीठ वायरवरून सरकत प्लगपर्यंत पोहोचते, हवेतला ओलावा धरून ठेवते आणि वीज वाहून नेते. आणि हे केवळ या बोर्डासाठी नाही. भिंतीतल्या सॉकेटवर फिल्टरचा जो प्लग आहे, त्यालाही मी तसाच हात लावते.

हीटर आणि लाइटसाठी हा बोर्ड मी पुन्हा घेईन. वायर, आरसीडीचा प्रकार आणि पडदा या तीन गोष्टी एका वस्तूत सहसा मिळत नाहीत. फिल्टरसाठी आरसीडी हवा असेल तर वीज गेली तरी टिकून राहणाऱ्या जातीचा पाहावा, आणि त्यासाठी पुस्तिकेतली ओळ शोधत बसण्याचीही गरज नाही. दुकानातच बोर्ड लावून सुरू करायला सांगावे, त्याला एखादा दिवा जोडावा, आणि बोर्डाचा प्लग भिंतीतून काढून दहा सेकंदांनी परत लावावा. दिवा आपोआप लागला तर तो बोर्ड फिल्टरला चालेल. रीसेट दाबावा लागला तर तो हीटरसाठी ठेवावा.